कारखान्यात युनियन काढायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण पट्ट्यात मी अकरा वर्षे प्रेस शॉपला काम केले. त्यातली शेवटची सहा वर्षे युनियनचा खजिनदार होतो. आमची युनियन उभी राहायला चौदा महिने लागले आणि त्या काळात नऊ जणांच्या नोकऱ्या गेल्या. सहा परत आले, तिघे आले नाहीत. अजूनही रात्री-अपरात्री नव्या पोरांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण हेच असतात. उत्तरे कारखान्यातल्या कामगाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

युनियन काढणे कायदेशीर आहे का? आमचे एचआर म्हणतात, आपल्या कंपनीत युनियन चालत नाही.

पूर्णपणे कायदेशीर आहे. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि कामगार संघटनांचा कायदा तर इंग्रजांच्या काळातला, १९२६ चा. तो कसा आला हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असावे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांमध्ये कामगारांची संघटना बांधणाऱ्या बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी नुकसानभरपाईचा दावा ठोकला, आणि उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूमही दिला. म्हणजे कामगारांना एकत्र आणणे हाच गुन्हा ठरायची वेळ आली. तेव्हा आपले कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला की नोंदणीकृत युनियनला अशा दाव्यांपासून संरक्षण हवे. पाच वर्षांनी कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे, पण संघटनेचा हक्क आणि ते संरक्षण तसेच आहे. 'चालत नाही' असा कोणताही नियम कुठल्याही कंपनीला करता येत नाही.

किती माणसे लागतात?

नोंदणीच्या अर्जावर किमान सात जणांच्या सह्या. शिवाय अर्जाच्या दिवशी एकूण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. तीनशे कामगारांच्या कंपनीत तीस पुरतात.

पण हा झाला कायद्याचा आकडा. तीसवर अर्ज टाकाल तर पंधरा दिवसांत तिसाचे बारा होतील. आम्ही निम्म्याहून जास्त कामगारांच्या वर्गणीच्या पावत्या फाटल्याशिवाय अर्ज टाकायचा नाही असे ठरवले होते, आणि तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते.

सुरुवात कुठून करायची?

व्हॉट्सॲप ग्रुपवरून मुळीच नाही. आमच्या आधीच्या बॅचने तीच चूक केली होती. ग्रुप काढला, पहिल्याच रात्री सत्तर जण आले, आणि सकाळच्या शिफ्टला त्याचे स्क्रीनशॉट मॅनेजरच्या टेबलावर होते.

आधी कागदावर नकाशा काढा. किती लाइन, किती शिफ्ट, प्रत्येक लाइनवर कोण आहे, कोण कोणाच्या गावचा, कोण कोणाबरोबर खोलीवर राहतो, कोणाच्या शब्दाला मान आहे. मान असलेला माणूस बहुतेक वेळा मोठ्याने बोलणारा नसतो. आमच्या वेल्डिंगला एक काका होते, दिवसभरात दहा वाक्ये बोलत नसत. पण मशीन अडले की सगळे आधी त्यांच्याकडे जायचे. ते 'हो' म्हणाले आणि तीन दिवसांत पूर्ण लाइन आली.

मग एकेकाशी बोला, समोरासमोर. आपण कमी बोला, त्याला बोलू द्या. त्याला काय खुपते ते ऐका. एकाला ओव्हरटाइमचा दर खुपतो, एकाला सुपरवायझरची भाषा, एकाला लघवीला जायलाही रिलिव्हर मिळत नाही याची लाज वाटते. मागणीपत्र तिथून तयार होते, बाहेरून आलेल्या नेत्याच्या फाइलमधून नाही.

आमच्या पावत्या एका खोलीवर फाटल्या. दहा बाय बाराची खोली, आत आठ जण, फोन सगळे बाहेर बादलीत ठेवलेले, वर टॉवेल. एक जण नाव विचारायचा, एक जण लिहायचा, आणि मी दहा-दहाच्या नोटा बिस्किटाच्या डब्यात टाकायचो. ज्याने वर्गणी दिली त्याचा हात पावती घेताना थोडा थरथरायचा. त्या दहा रुपयांनी माणूस बांधला जातो. नुसत्या सहीने तसा बांधला जात नाही.

अंतर्गत युनियन करावी की बाहेरची लावावी?

दोन्ही चालते. सिटू, आयटक, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ यांसारख्या संघटनांशी जोडून घेतले की वकील, कार्यालय, अनुभव मिळतो. अंतर्गत युनियनमध्ये निर्णय आपल्या हातात राहतो, पण कोर्टाची पहिली तारीख लागली की हात पाय गळतात. कारखान्याच्या युनियनमध्ये बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतला कमी आकडा असेल तेवढेच ठेवता येतात. माझे मत विचाराल तर सल्ला बाहेरचा घ्या, पण करारावर सही करायच्या आधी मसुदा आपल्या सभेत वाचला गेलाच पाहिजे.

युनियनच्या नावात कंपनीचे नाव घालता येते का?

येते. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ सॅमसंगच्या कारखान्यात याच मुद्द्यावर नोंदणी अडली होती. नाव आमचा ट्रेडमार्क आहे, असे कंपनीचे म्हणणे. ९ सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या कामगारांनी ३७ दिवस संप केला, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये 'सॅमसंग इंडिया वर्कर्स युनियन' याच नावाने नोंदणी झाली. आपल्याकडे नावावरून एवढी अडवणूक सहसा होत नाही. पण कोणी अडवलेच तर हे उदाहरण खिशात असू द्या.

अर्ज टाकल्यावर कंपनीला कळते का?

कळते, असेच धरून चाला. सभासदांची पडताळणी होते, पदाधिकाऱ्यांची नावे कागदावर येतात. म्हणून अर्ज टाकण्याच्या आदल्या आठवड्यात त्या सात जणांच्या घरी बोलणी झालेली असली पाहिजेत, वकील ठरलेला असला पाहिजे आणि प्रत्येकाच्या नेमणूक पत्राची, पगाराच्या स्लिपांची, ओळखपत्राची झेरॉक्स कारखान्याबाहेर सुरक्षित असली पाहिजे. गेट बंद झाल्यावर लॉकरमधला कागद मिळत नाही.

कंपनी काय काय करते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो. पद्धती वेगवेगळ्या दिसल्या तरी हेतू एकच असतो: माणसाला गटातून बाजूला काढून एकटे पाडायचे.

पहिली पायरी गोड असते. एकेकाला केबिनमध्ये बोलावतात. चहा येतो, बसायला खुर्ची मिळते. ज्या खुर्चीवर पाच वर्षांत कधी बसला नाहीत, तिथे बसवून विचारतात, 'तुझी काही वैयक्तिक अडचण आहे का? आपण घरच्यासारखे सोडवू.' अडचण खरीच असते, बहिणीचे लग्न असते, घराचे हप्ते असतात. तिथे माणूस विरघळतो. आम्ही नियम केला होता: केबिनमध्ये कोणीही गेला तरी काय बोलणे झाले ते त्याच दिवशी दोघांना सांगायचे. लपवलेल्या भेटीतून संशय वाढतो, आणि संशयाने जेवढ्या युनियन मोडल्या तेवढ्या बडतर्फीने मोडलेल्या नाहीत.

दुसरे, अचानक पगारवाढ. पाच वर्षे मागितलेली वाढ महिन्याभरात मिळते आणि सांगितले जाते, 'बघा, युनियनशिवाय मिळाली ना?' खूप जणांना माहीत नसते की संघटना उभी राहत असताना ती मोडण्याच्या हेतूने पगार वाढवणे ही कायद्याच्या यादीत अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेली गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ती होती, नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. वाढ घ्या, नाकारू नका. पण ती कोणामुळे आली ते सगळ्यांना सांगा.

तिसरे, बढती. जो पुढे आहे त्याला 'ऑफिसर' करतात, 'एक्झिक्युटिव्ह' करतात. देखरेखीचे काम करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर औद्योगिक वादांसाठी नव्या संहितेत तो 'कामगार' धरला जात नाही. म्हणून हा डाव. मात्र कोर्ट पदाचे नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघते. हातात स्पॅनर तोच असेल तर छातीवरचा बिल्ला बदलून काही होत नाही. आपण रोज काय काम करतो ते तारखेसह वहीत लिहीत जा.

चौथे, बदली. चाकणहून थेट दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला, तेही चार दिवसांत. नेमणूक पत्रात बदलीची अट असली तरी संघटनेवरून छळण्यासाठी केलेली बदली अनुचित प्रथाच आहे. बदलीचे पत्र फाडू नका, नाकारल्याचा शेराही मारू नका. 'हरकत राखून स्वीकारले' असे लिहून घ्या आणि त्याच दिवशी वकिलाकडे जा.

पाचवे, कंपनीचीच युनियन. मॅनेजमेंट मर्जीतल्या लोकांना पुढे करते, 'कामगार समिती' निघते, सहलीला नेतात. मालकाने युनियन उभी करणे किंवा तिला पैसा पुरवणे हेही अनुचित प्रथांच्या यादीत आहे. पण तिच्यातल्या कामगारांना शिव्या देऊ नका. आमच्या विरोधातल्या समितीतले चौदा जण पुढे आमच्याकडे आले, कारण आम्ही त्यांच्याशी कँटीनमध्ये बोलणे कधी बंद केले नव्हते.

सहावे, काम हलवणे. २०१३ मध्ये चाकणला बजाज ऑटोमध्ये ५० दिवस काम बंद होते. त्या काळात कंपनीने काही उत्पादन औरंगाबादजवळच्या वाळूजला हलवले, आणि शेवटी कामगारांना फारसे काही हाती न लागता कामावर परतावे लागले. ज्या कंपनीचे दोन प्लांट आहेत तिथे एका प्लांटची एकजूट ही अर्धीच एकजूट असते. दुसऱ्या गावातल्या माणसांना आधी भेटा.

कोऱ्या कागदावर किंवा 'चांगल्या वर्तणुकीच्या' हमीपत्रावर सही मागतात. करावी का?

कोऱ्या कागदावर कधीच नाही. हमीपत्राचे असे आहे की कायदेशीर संपावर असलेल्या कामगाराकडून कामावर घेण्याची अट म्हणून ते मागणे हीच अनुचित प्रथा आहे. त्या कागदात बहुतेक वेळा एक ओळ दडवलेली असते: 'मी बेकायदा कृत्यात सहभागी होतो.' पुढे चौकशीत तीच ओळ तुमच्यासमोर ठेवली जाते.

एकट्याने सही करू नका. कागद हातात घ्या, शांतपणे म्हणा, 'वाचून सांगतो साहेब, एक प्रत द्या.' प्रत दिली नाही तर आत काय घडले ते बाहेर आल्यावर लगेच लिहून, तारीख टाकून, युनियनच्या लेटरहेडवर कामगार आयुक्त कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. पोच नसलेले पत्र पाठवले काय, न पाठवले काय, सारखेच.

चार्जशीट मिळाली, सस्पेंड केले. आता?

घाबरून घरी बसू नका. चार्जशीटला मुदतीत लेखी उत्तर द्या. चौकशीला प्रत्येक तारखेला जा, सोबत सहकामगार मागा, प्रत्येक पान वाचून मगच सही करा. एकतर्फी चौकशी ही कंपनीच्या फायद्याची असते.

जिथे स्थायी आदेश (कारखान्याचे सेवाशर्तींचे लेखी नियम) लागू आहेत तिथे निलंबन काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि पुढे विलंब तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. तो मागावा लागतो. आमच्यातल्या दोघांनी स्वाभिमानापोटी मागितलाच नाही, आणि तिसऱ्या महिन्यात घरभाडे थकल्यावर गुपचूप राजीनामे दिले. ती गोष्ट मला आजही बोचते. युनियनने तेव्हा त्यांच्या घरी किराणा पोचवायला हवा होता. आम्ही कोर्टाच्या कागदांत गुंतलो होतो.

नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांपैकी काहींना 'संरक्षित कामगार' म्हणून मान्यता मागता येते: एकूण कामगारांच्या १ टक्का, पण किमान ५ आणि जास्तीत जास्त १००. औद्योगिक वादाची सुनावणी चालू असताना त्यांना काढायचे तर कंपनीला आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. ही मान्यता मागणारे पत्र वेळेवर द्या.

तक्रार करायला मुदत असते का?

असते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. तक्रार कोणत्या कायद्याखाली टाकायची ते वकील ठरवेल, पण तुम्ही त्याच्याकडे पहिल्याच आठवड्यात पोचा. 'बोलणी चालू आहेत' म्हणत तीन महिने घालवायला लावणे ही कंपनीची जुनी चाल आहे.

कंत्राटी कामगार, ट्रेनी यांना सभासद करता येते का?

कंत्राटी कामगारांना येते, आणि केलेच पाहिजे. आज बऱ्याच कारखान्यांत लाइनवर पाचांत कायम कामगार एक-दोनच दिसतात. कायम माणसांची युनियन संपावर गेली आणि लाइन चालूच राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अप्रेंटिसशिप कायद्याखालचे शिकाऊ मात्र कायद्याने 'कामगार' धरले जात नाहीत. म्हणूनच त्यांची भरती एवढी वाढली आहे. त्यांना सभासद करणे अवघड आहे, पण त्यांच्याशी नाते तोडू नका. तोच पोरगा दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत असेल.

महिला कामगार मीटिंगला येत नाहीत.

मीटिंग कुठे आणि किती वाजता घेता? आम्हीही हीच तक्रार करायचो. मग एका ताईने सरळ सांगितले, 'रात्री नऊला पुरुषांच्या खोलीवर कोण येणार दादा?' त्यानंतर आम्ही रविवारी दुपारी मंदिराच्या सभामंडपात बसू लागलो, पोराबाळांसकट. पहिल्याच बैठकीला सतरा जणी आल्या. मागणीपत्रातली बसची मागणी त्यांनीच घातली.

एकापेक्षा जास्त युनियन असतील तर बोलणी कोण करणार?

एकच नोंदणीकृत युनियन असेल तर, निकष पूर्ण करत असल्यास, तीच. जास्त असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन. तेवढा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद होते.

मान्यतेला हलके घेऊ नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रतिनिधी युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकांना आणि सरकारला 'आम्ही बोलणार तर त्यांच्याशीच' म्हणायला जागा राहिली. रस्त्यावर गर्दी होती, पण टेबलावर खुर्ची नव्हती. त्या संपात गिरणगावाचे काय झाले ते लालबाग-परळच्या घराघरांना माहीत आहे.

संप कधी करावा?

शेवटी. आणि नोटीस देऊनच. आता १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लागू आहे, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकत्र रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. बेकायदा संप झाला तर दंड किंवा कैदही होऊ शकते.

त्याआधी करण्यासारखे खूप आहे. काळ्या फिती लावून काम, कँटीनचे जेवण एक दिवस सोडणे, शिफ्ट सुटल्यावर गेट मीटिंग. आम्ही ज्या दिवशी कँटीनचे जेवण सोडले त्या दिवशी तीनशे ताटे तशीच राहिली आणि संध्याकाळी सहाला पहिल्यांदा प्लांट हेडनी आम्हाला बसवून घेतले. मात्र मुद्दाम काम संथ करणे, घेराव घालणे, साहेबांच्या घरावर मोर्चा नेणे या गोष्टी कामगारांच्या बाजूच्या अनुचित प्रथांमध्ये मोडतात. त्या टाळा.

कंपनीने बाउन्सर आणले, पोरे भडकली आहेत.

हात उचलू नका, कोणालाही उचलू देऊ नका. १८ जुलै २०१२ ला मानेसरच्या मारुती कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली, एका एचआर अधिकाऱ्याचा जीव गेला. कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी नवरा गेला. दीडशेच्या आसपास कामगार तुरुंगात गेले, पाचशेहून अधिक कायम कामगार बडतर्फ झाले. २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा ११७ जण निर्दोष सुटले, पण त्याआधी त्यांतल्या अनेकांची काही वर्षे आत गेली होती. १३ जणांना जन्मठेप झाली, त्यांत युनियनचे पदाधिकारी होते.

गेटवर जमाल तेव्हा ओळखीचे, वयाने मोठे पाच-सहा जण पुढे उभे करा. दारू प्यालेल्याला घरी पाठवा. अनोळखी माणूस गर्दीत शिरून दगडाची भाषा करत असेल तर त्याचे नाव विचारा आणि फोटो काढा.

घरचे घाबरलेत. गावाकडे फोन जातात.

आमच्याकडे नुसते फोन गेले नाहीत. कंपनीचा माणूस गाडी घेऊन आष्टी तालुक्यातल्या आमच्या घरी गेला आणि वडिलांना म्हणाला, 'मुलगा वाईट संगतीला लागलाय, तुरुंगात जाईल.' वडील दुसऱ्या दिवशी एसटीने चाकणला आले. हातात धान्याची पिशवी, चेहरा उतरलेला. माझे त्यांच्याशी भांडण होणार होते. पण वेल्डिंगचे ते काका त्यांना बाजूला घेऊन गेले, टपरीवर अर्धा तास बसले. आल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, 'पैसे तर खाल्ले नाहीत ना कोणाचे?' मी वर्गणीची वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवत सगळी पाने पाहिली.

म्हणून सांगतो, घरी पहिल्या आठवड्यातच सांगा. आई-वडिलांना, बायकोला. युनियनमधल्या दोन मोठ्या माणसांचे नंबर घरी देऊन ठेवा, आणि कंपनीकडून कोणी आले तर चहा पाजून त्याचे नाव लिहून घ्यायला सांगा.